सोनाबाईची शेवळं

ललिता,

परवा फोनवर तू म्हणालीस, "बाई, माझ्यावर काय लिहिणार? मी शाळेत जाते, घरी येते." हे वाक्य मी कॉलेजात तीस वर्षं ऐकलं, आणि म्हणणाऱ्या मुलींपैकी निम्म्या खोटं बोलत होत्या. तूही त्यांतलीच. शेवळांच्या भाजीचा तो सगळा घोळ तू मला हप्त्याहप्त्यानं सांगितलास. मधेच डबा धुवायला उठलीस, मधेच दुसऱ्या कुणाचा फोन घेतलास. उरलेलं भाजीवाल्या आवडीनं बाजारात जुड्या देता देता सांगितलं. आता मी ते सलग लिहिते आहे. चुकलं तर नंतर भांड. आणि असं 'तू तू' करत राहिले तर वाचणाऱ्याला वाटेल, या दोघींचं काही खासगी चाललंय, आपण कशाला ऐका. म्हणून इथून पुढे तू 'ती'. रागावू नकोस.

ललिता निरगुडा कर्जत तालुक्यातल्या एका शाळेत सातवी-आठवीला शिकवते. कोंडाण्याच्या लेण्यांकडे जाणारी वाट जिथं डांबर सोडते, तिथून शाळा हाकेच्या अंतरावर आहे. वर्गात निम्मी मुलं डोंगरातल्या ठाकर वाड्यांतली. निम्मी खालच्या गावातली, ज्यांच्या घरी भातशेती आणि खोपोलीला नाहीतर पनवेलला कुणीतरी एक नोकरीला. ललिता स्वतः वाडीतली. तिचा बाप धाऊ माथेरानला हातरिक्षा ओढायचा, आणि या गोष्टीत धाऊचं काम आहे, म्हणून आधी त्याच्याबद्दल.

माथेरानला मोटार नाही. पाहुणा एकदा रिक्षात बसला की तासभर धाऊच्या ताब्यात. पाहुण्यांना प्रश्न पडतात. हा दगड असा का, या झाडाखाली काय झालं होतं, त्या बंगल्यात कोण राहायचं. धाऊ प्रत्येकाला उत्तर द्यायचा. शाळेला सुट्टी असली की आठ-नऊ वर्षांची ललिता रिक्षाच्या मागून चालायची, त्यामुळे सगळं तिच्या कानावर पडायचं. एकाच दगडावरून सकाळी एक मडम घोड्यासकट पडलेली असायची, दुपारी त्याच दगडावर कुणी राजा ध्यानाला बसलेला असायचा.

"बाबा, नक्की कोण होतं तिथं?"

"मला काय ठावं?"

"मग सांगितलंस कशाला?"

"त्यांनी इचारलं म्हून. ठावं नाय म्हटलं तर त्यांचं तोंड उतरतं गं. मग उद्या दुसऱ्याच्या रिक्षात बसतात."

धाऊ लबाड नव्हता. घरी, वाडीत, जंगलात त्याचा शब्द म्हणजे शब्द. फक्त रिक्षाच्या दांड्या हातात आल्या की तो विचारलेल्याला रिकाम्या हातानं पाठवत नसे. ललितानं हे मनात कुठंतरी ठेवून दिलं, आणि पंचवीस वर्षं तिला त्याचा काही उपयोग झाला नाही.

गेल्या वर्षी जूनमध्ये शाळा उघडली त्याच्या पुढच्या आठवड्यात एका संस्थेचं पत्र आलं. आपल्या भागातल्या रानभाज्यांची पुस्तिका मुलांकडून करून घ्या, सगळ्यांत चांगली असेल ती आम्ही छापू आणि चाळीस शाळांत वाटू, तिथली मुलं घरी त्या भाज्या करून बघतील. पुस्तिका शनिवारपर्यंत हवी, खाली मार्गदर्शक शिक्षकाची सही हवी.

सोमवारी पत्र आलं आणि मंगळवारी आठवीतल्या हर्षलानं पुस्तिका आणून दिली. एकतीस भाज्या, रंगीत छपाई, प्रत्येक भाजीचा फोटो, गुण, कृती, वर एक सुविचार. मुख्याध्यापक जगदीश सर हरखून गेले. हे सर खालापूरकडचे, लोधिवलीचे, मनानं चांगले पण घाईचे. त्यांनी ती पुस्तिका शाळेत सगळ्यांना दाखवली, खिचडी करणाऱ्या विमलबाईंनासुद्धा. प्रार्थनेच्या वेळी हर्षलाला पुढं बोलावून टाळ्या वाजवायला लावल्या. हर्षला वाडीची. गावातल्या मुलांनी वाडीच्या पोरीसाठी टाळ्या वाजवल्या, असं त्या शाळेत रोज होत नाही.

ललितानं सही करायला पेन उघडलं आणि सहज शेवळांचं पान काढलं, कारण दिवस शेवळांचे होते. फोटोत पांढऱ्या छत्र्यांचा एक देखणा घोस होता. शेवळं अशी नसतात. शेवळं जमिनीतून एकेकटं वर येतं, जांभळट-तपकिरी, मिटलेल्या छत्रीसारखं. ती पुढं वाचू लागली. 'स्वच्छ धुऊन बारीक चिरावीत, लोण्यावर पाच मिनिटे परतावीत, वरून ताजी साय घालावी.'

काकड नाही.

ज्यांनी शेवळं खाल्ली नाहीत त्यांच्यासाठी सांगते. नुसती शेवळं शिजवून खाल्ली तर घशात काटे उभे राहिल्यासारखी खाज सुटते. काकड नावाचं झाड असतं, त्याची आवळ्यासारखी हिरवी आंबट फळं ठेचून त्यांचा रस भाजीत घातला की ती खाज मरते. कर्जतच्या बाजारात शेवळांच्या जुडीला लागून काकडांचा वाटा मांडलेला असतोच. नुसती जुडी मागणाऱ्याला आवडी जुडी देत नाही. ही आवडी म्हणजे हर्षलाची आजी.

पानाच्या तळाशी लिहिलं होतं, 'आमच्या वाडीतल्या ऐंशी वर्षांच्या सोनाबाई आजी सांगतात, बाळांनो, निसर्ग हीच आपली खरी आई.'

ललितानं हर्षलाला मधल्या सुट्टीत बोलावलं.

"सोनाबाई कोण गं?"

"आजी."

"कुणाची?"

हर्षला ओढणीचं टोक पिळत राहिली. "त्यानंच लिहिली, बाई."

"त्यानं म्हणजे?"

"एआयनं. मी म्हटलं, एखाद्या आजीचं पण काहीतरी टाक. त्यानं नावावयासकट टाकली."

"तुझ्या घरात एक खरीखुरी आजी आहे. माझ्या जन्माच्या आधीपासून शेवळं विकते. तिला नाही विचारलंस?"

"आजी हाय-नाय करते." हर्षलाचा आवाज खाली गेला. "तसं छापलं तर गावातली पोरं हसतील. सोनाबाई कशी नीट बोलते."

कॉलेजच्या पहिल्या वर्षी ललिता स्वतः तीन महिने वर्गात तोंड उघडत नव्हती. मला माहीत आहे, कारण हजेरी मी घेत होते आणि ती 'हजर' म्हणण्याऐवजी हात वर करायची.

सही केली तर चाळीस शाळांतली पोरं साय घातलेली शेवळं खाऊन घसा धरून बसणार. पान फाडलं तर टाळ्या मिळालेली ही पोर पुन्हा पेन हातात धरणार नाही. शनिवारला चार दिवस होते. ललितानं पेनाला टोपण लावलं आणि हर्षलाला म्हणाली, "उद्या बघू."

बुधवारी तिनं स्वतःच्या फोनवर एआय उघडून तो वर्गातल्या टेबलावर ठेवला आणि मुलांना म्हणाली, त्याला काहीही विचारा, तो मोठ्यानं उत्तर देईल. ऋतिक पहिला उठला. त्यानं आपल्या वाडीबद्दल विचारलं. फोननं सांगितलं की वाडीच्या मागच्या टेकडीवर पाचशे वर्षांपूर्वीचं सूर्यमंदिर आहे आणि पौर्णिमेला तिथं मेळा भरतो.

"बाई, तिथं आमच्या शेळ्या बांधतात."

वर्ग हसला. ललितानं तोच प्रश्न पुन्हा विचारला. या वेळी मंदिर गेलं आणि त्या जागी कमळांचं तळं आलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर फोन म्हणाला, जवळच कोंडाण्याची प्राचीन बौद्ध लेणी आहेत.

"हे तर खरंय," कुणीतरी म्हणालं.

"खरंय ना? मग मला सांगा, मंदिर सांगताना त्याचा आवाज वेगळा होता का? जरा चाचरत होता? 'बहुतेक' म्हणाला?"

मुलं विचारात पडली. नाही. मंदिर, तळं आणि लेणी, तिन्ही त्यानं एकाच तालात सांगितलं होतं. ललितालाही हे त्या क्षणीच लक्षात आलं. आदल्या रात्रीपर्यंत तिला वाटत होतं की चुकीचं उत्तर वाचताना कळतंच. शेवळांचं कळलं ते तिनं शेवळं खाल्ली होती म्हणून. उरलेल्या तीस भाज्यांत अशा किती असतील ज्या तिनंही कधी खाल्ल्या नाहीत?

मग तिला धाऊ आठवला. तिनं मुलांना रिक्षा सांगितली, दगड सांगितला, मडम आणि राजा सांगितले.

"म्हणजे तुमचा बाबा एआय होता," ऋतिक म्हणाला.

"जवळपास. फक्त तो रिक्षाही ओढायचा."

"मग खोटारडा होता का, बाई?" पहिल्या बाकावरची एक मुलगी फार गंभीरपणे म्हणाली.

"नव्हता. त्याला समोरच्याचं उतरलेलं तोंड बघवायचं नाही. या फोनला कुणाचं तोंड दिसतं की नाही, मला माहीत नाही. पण रिकाम्या हातानं पाठवत नाही, एवढं दोघांचं सारखं. आता सांगा, बाबाच्या रिक्षात बसला असता तर खरं-खोटं कसं ओळखलं असतं?"

कुणी म्हणालं, दुसऱ्या रिक्षावाल्याला विचारू. कुणी म्हणालं, तोही तसलाच असला तर? हर्षला शेवटच्या बाकावर मान खाली घालून बसली होती. तिथूनच ती पुटपुटली, "आजी टोप ठेवायच्या आधी विचारते."

"मोठ्यानं बोल."

"कुणी रानातनं भाजी आणली ना, बाई, तर आजी चुलीवर टोप ठेवू देत नाही. आधी विचारते. कुठली? कोणी खुडली? कोणी खाल्ली आधी? एकाचं पण उत्तर आलं नाही तर फेकून देते. गुरांना पण घालत नाही."

ललितानं हे तीन प्रश्न फळ्यावर लिहिले. बाकीचा तास मुलांनीच घेतला. फोटोतल्या छत्र्या कुठल्या? कुठल्याच नाहीत. कोणी खुडल्या? कोणी नाही. कोणी खाल्ल्या? "सोनाबाईनं," एक जण म्हणाला. "सोनाबाईच नाय तर खाईल कोण?" दुसऱ्यानं त्याला कोपर मारलं. सगळे हसले, आणि ललितानं पाहिलं, हर्षलाही हसली होती.

मग मुलांना नादच लागला. गेल्या आठवड्यात शाळेच्या फाटकात बिबट्या शिरतानाचा व्हिडिओ सगळ्या घरांत फिरला होता आणि तीन मुलं दोन दिवस शाळेत आली नव्हती. मुलांनी तो पुन्हा लावायला सांगितला. कुठला? व्हिडिओतल्या फाटकाला दोन झडपा होत्या. यांच्या शाळेला फाटक नाही, एक आडवा बांबू आहे. तीन मुलं स्वतःच्याच शाळेचं फाटक बघून घाबरली होती आणि त्यांतल्या एकालाही बांबू आठवला नव्हता. कोंडाण्याची लेणी मात्र तिन्ही प्रश्नांतून पार झाली, कारण ऋतिक काकाबरोबर तिथं चढून गेला होता, आणि वर बसून भाकरी खाल्ली होती.

गुरुवारी जगदीश सरांनी विचारलं, "निरगुडा मॅडम, सही?"

"सर, शेवळांत काकड नाही."

"मग एक ओळ वाढवा."

"ती एक चूक मला दिसली. बाकीच्या तीस भाज्यांत मला न दिसलेलं काय आहे ते कुणाला माहीत?"

"अहो, मी लोधिवलीचा. लहानपणापासून शेवळं खातो. आई करते. आजवर ताटात मला काकडबिकड दिसलं नाही."

पुरुषांनी ताटात बघून स्वयंपाक शिकू नये, पण ललिता हे मुख्याध्यापकांना म्हणू शकत नव्हती. ती एवढंच म्हणाली, "रस असतो, सर. रस दिसत नाही."

सरांना ते पटलं नाही. त्यांनी आवडीकडून शेवळांची जुडी मागवली. आवडीनं न सांगता काकडं बरोबर धाडली, ती सरांनी बाजूला ठेवायला लावली. पुस्तिकेतलं पान त्यांनी विमलबाईंच्या हातात दिलं.

"सर, हे काय बरं नाय," विमलबाई म्हणाल्या.

"त्यात लिहिलंय तसं करा, विमलबाई. पारंपरिक कृती आहे."

"कुनाची परंपरा?"

"करा हो."

ललितानं स्वयंपाकखोलीच्या दाराला बाहेरून कडी घातली. मुलांना एक कणही मिळणार नाही, हे तिनं आधीच सांगून टाकलं होतं. मुलं खिडकीच्या गजांना लटकली. सरांनी पहिला घास घेतला. "छान लागतंय." दुसरा घेतला. तिसरा उचलला आणि तो तसाच हातात राहिला. त्यांनी एकदा गिळलं, पुन्हा गिळलं, मग गळ्याला हात लावला. विमलबाईंनी मागे झाकून ठेवलेला तांब्या पुढं केला.

"कोकमाचं पानी हाय. सकाळीच भिजत घातलेलं."

दुपारभर सरांना बोलता येत नव्हतं. साडेचारला त्यांनी ललिताच्या टेबलावर एक चिठ्ठी ठेवली. 'सही नको. तुम्हाला योग्य वाटेल ते करा.'

शुक्रवारी आवडी शाळेत आली. खुर्ची दिली तर बसली नाही, वर्गाच्या उंबऱ्यावरच टेकली. डोक्यावरची टोपली शेजारी ठेवली. त्यात सरती शेवळं आणि काकडं. मुलांनी तिला विचारायचं आणि हर्षलानं लिहायचं, असं ललितानं ठरवलं होतं. एकच अट, आजी बोलेल तसंच लिहायचं.

"शेवळाला काकड लागतंय," आवडी म्हणाली. "काकडाबिगर तुमी शेवळं खाल्लं तर तुमी नाय शेवळं खात, शेवळं तुमाला खातंय."

मागं एक मुलगा फिसकन हसला. हर्षलाचं पेन थांबलं.

"हस रं हस," आवडी म्हणाली. "घसा खाजल्यावं हसाया येत नाय. तुज्या सरांना इचार."

आता सगळाच वर्ग हसला, पण ते हसणं निराळ्या दिशेनं गेलं होतं. हर्षलानं पुढची ओळ लिहायला घेतली. चिरायच्या आधी हाताला तेल लावायचं, आतला पिवळा दाणेदार भाग काढून टाकायचा, काकडं उकडून ठेचायची. आवडी सांगत होती आणि मुलं तिलाही सोडत नव्हती. कुठली, आजी? कोणी खुडली? आवडी खूश झाली. "मलाच इचारता व्हय? इचारा, इचारा." तिनं टोपलीतल्या प्रत्येक गोष्टीचा पत्ता दिला.

"काकडाचं झाड कुठंय?" ऋतिकनं विचारलं.

"लेण्याच्या वरल्या अंगाला, कड्याच्या पायथ्याशी. लई जुनं हाय. माज्या सासूनं दावलं मला."

"बाई, तुम्ही पाहिलंय?"

ललिता चौतीस वर्षांची. तिनं जन्मभर काकडं हातात घेतली, ठेचली, खाल्ली. झाड कसं असतं, किती उंच, पान कसं, तिला ठाऊक नव्हतं. काकडं नेहमी आईच्या नाहीतर आवडीच्या टोपलीतून घरात आली.

"नाही," ती म्हणाली. "मी नाही पाहिलं."

हर्षलानं लिहिता लिहिता मान वर केली. आठवडाभरात पहिल्यांदा तिनं बाईंच्या डोळ्यांकडे सरळ बघितलं.

"मग तुम्ही सही कशी करणार?"

ललिताला हे अपेक्षित नव्हतं, आणि मला सांगताना ती इथंच डबा धुवायला उठली होती. त्या दिवशी मात्र उठून जायला जागा नव्हती. तिनं हर्षलाजवळ जाऊन पान बघितलं आणि म्हणाली, "जे आहे ते लिही." हर्षलानं लिहिलं, 'झाड: आवडी आजीनं पायलंय. बाईंनी नाय.' त्याखाली ललितानं सही केली.

एकतीस भाज्यांपैकी तिन्ही प्रश्नांना उतरलेल्या चारच निघाल्या. चार पानं, हातानं लिहिलेली, चित्रं मुलांनी काढलेली, त्यांतलं कुर्डूचं चित्र कुर्डूसारखं अजिबात दिसत नाही. शनिवारी ती संस्थेला पोचली. दोन महिन्यांनी उत्तर आलं, 'माहिती अपुरी असल्याने निवड झाली नाही,' सोबत सहभागाचं प्रमाणपत्र. जगदीश सरांनी प्रमाणपत्र कपाटात टाकलं आणि त्या चार पानांची झेरॉक्स पाण्याच्या माठावर भिंतीला चिकटवली. आपला त्या दिवशी गारठ्यानं घसा धरला होता, असं ते पाहुण्यांना अजून सांगतात. चाळीस शाळांना कुणाची पुस्तिका मिळाली, ते मी विचारलं नाही. हर्षलानं नवी वही घातली आहे. नऊ भाज्या झाल्या. सोनाबाई त्यात नाही.

आता पुन्हा तू, ललिता.

त्या शुक्रवारनंतर आवडीनं बाजारात मला सांगितलं होतं, "तुमा दोघींना नेते. झाड लांब नाय." आपण रविवार ठरवला. त्या रविवारी तुझं प्रशिक्षण निघालं. पुढच्याला माझ्या डोळ्याचं ऑपरेशन. मग तू म्हणालीस, वाट निसरडी झाली, दिवाळीनंतर जाऊ. दिवाळीनंतर मी म्हटलं, फळं नसताना झाड बघून काय ओळखणार. हे मी उगाच म्हटलं, मला चढाची धास्ती वाटत होती. या वर्षी शेवळं आली आणि सरली. आवडीचा गुडघा आता तिला घरापासून बाजारापर्यंतच नेतो. मागच्या गुरुवारी तिनं मला आपल्या घराच्या उंबऱ्यावर बसूनच वाट सांगितली. ओढा उजव्या हाताला ठेवायचा, कडा दिसला की थांबायचं, मग कुणाला तरी विचारायचं.

"कुणाला?" मी म्हटलं.

"असतंय कुनीतरी," ती म्हणाली.

हर्षलाच्या वहीत 'बाईंनी नाय' ही ओळ अजून तशीच आहे. मी बघितली. चढासाठी काठी मी पावसाळ्याआधीच आणून ठेवली होती, ती दाराशीच आहे.